अश्वशक्ति आणि सारथ्य

२०२५ सालच्या मे महिन्यांत फोक्सवॅगन कंपनीची 'गोल्फ जीटीआय' ही मोटार भारताच्या बाजारांत प्रथमच विक्रीस आली. जर्मनींतून पूर्ण बांधून आणलेली, संख्येनें मोजकी, आणि किंमत सुमारें ५३ लाख रुपये. हें मासिक ज्या घरांतून वाचलें जातें त्यांपैकीं फारच थोडीं घरें ती विकत घेतील हें उघड आहे. तथापि तिच्या निमित्तानें मोटारींच्या जाणकारांनीं जो एक सिद्धांत मोठ्या आत्मविश्वासानें मांडला, तो आमच्या घराघरांतूनही ऐकूं येतो. सिद्धांत असा कीं, यंत्राची प्रत्येक नवी पिढी मागच्या पिढीहून सरस असलीच पाहिजे. आंकडे वाढले म्हणजे गुण वाढला. आणि ज्यांना हें पटत नाहीं ते गतकाळाच्या आठवणींत रमलेले म्हातारे होत. आमची पन्नाशी उलटलेली असल्यामुळें या शेवटच्या आरोपास आम्ही वयानेंच पात्र ठरलों आहों. तेव्हां वयाची गोष्ट बाजूस ठेवून आंकडेच पाहूं.

प्रथम ही गाडी मुळांत काय होती तें सांगितलें पाहिजे. १९७३ सालीं फोक्सवॅगनमधील आल्फोन्स लोवेनबर्ग या अभियंत्यानें कांहीं सहकाऱ्यांस एक टिपण पाठविलें. घरगुती वापराच्या साध्या गाडीलाच जरा चपळ करतां येणार नाहीं काय, असा त्याचा आशय होता. वरिष्ठांच्या रीतसर मंजुरीची वाट न पाहतां मूठभर माणसांनीं हा उद्योग चालविला. इटालियन रेखाकार जिउजियारो यानें ज्या गोल्फचा आकार आंखला होता ती १९७४ सालीं बाजारांत आली. तिची ही चपळ बहीण १९७५ च्या फ्रँकफुर्ट येथील प्रदर्शनांत मांडली गेली आणि १९७६ सालीं विकूं लागली. आंत चौकड्यांचें स्कॉटिश पद्धतीचें कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फच्या चेंडूसारखी मूठ. या दोन्ही कल्पना गुन्हिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंच्या, ज्या पूर्वीं चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रें रंगवीत असत. पांच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ झालें असा कंपनीचा अंदाज होता. एकट्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

इतकें यश तिला वेगानें मिळालें असें समजणें चूक आहे. तिच्याहून वेगवान गाड्या त्या काळींही होत्या. परंतु त्यांतील कित्येकींत दोनच माणसें बसत आणि त्यांच्या मालकांस रोजच्या वापरासाठीं घरीं दुसरी गाडी ठेवावी लागे. जीटीआयची किंमत १३,८५० मार्क होती. शिक्षकाला किंवा दुकानदाराला ती सहज परवडे असें नव्हे, पण मन घट्ट केलें तर आवाक्यांत येई. सोमवारीं तिनेंच मुलांना शाळेंत सोडावें, बाजारांतून बटाट्यांचें पोतें आणावें, आणि रविवारीं डोंगरांतल्या वळणांच्या रस्त्यावर तिनेंच मालकाला दोन तास सुख द्यावें, अशी तिची योजना होती. उपयुक्तता आणि आनंद एकाच वस्तूंत, एकाच किंमतींत, मध्यम स्थितीच्या गृहस्थास मिळाला. पुढच्या पिढ्यांची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी असा आमचा आग्रह आहे.

आतां आंकडे. पहिल्या जीटीआयचें वजन सुमारें ८१० किलो आणि बळ ११० अश्वशक्तीचें. २०२४ सालीं सुधारून काढलेल्या आठव्या पिढीच्या गाडीचें बळ २६५ अश्वशक्तीचें, आणि वजन १४०० किलोंच्या वर. बळ जवळजवळ अडीच पट झालें, हें सारे सांगतात. परंतु दर टनामागें हिशेब केला तर पहिलीच्या वांट्याला सुमारें १३६ अश्वशक्ति येते आणि नवीच्या वांट्याला १९० ची मर्यादाही गांठली जात नाहीं. म्हणजे वाढ चाळीस टक्क्यांहूनही कमी. उरलेले घोडे कोठें गेले? ते गाडीचें स्वतःचें ओझें ओढण्यांत खपले. ज्या विद्यार्थ्यानें निबंध दहा पानांवरून पंचवीस पानांवर नेला आणि विचार मात्र तेवढेच ठेवले, त्यास आम्ही वर्गांत अधिक गुण देत नाहीं. कारखानदारास मात्र आपण ते दिले.

नवी गाडी शून्यापासून शंभर किलोमीटरच्या वेगापर्यंत सहा सेकंदांच्या आंत पोंचते, जुनीला नऊ लागत, हें आम्हांस मान्य आहे. तीन सेकंद वांचले. पण त्या तीन सेकंदांत चालविणाऱ्याला काय कळलें, असा आमचा प्रश्न आहे. हलक्या गाडींत साठाच्या वेगानें वळण घेतांना रस्ता हाताला आणि पाठीला समजतो. जड, शांत आणि सर्व बाजूंनीं गादी लावलेल्या गाडींत तेंच समजावयास शंभराचा वेग लागतो, आणि शंभराच्या वेगानें वळण घेण्याजोगा मोकळा रस्ता जगांत दिवसेंदिवस कमी होत आहे.

येथवर वाचून 'जुनें तें सोनें' म्हणणारे आपल्यास जवळचे मानूं लागतील, तर त्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पहिली गोल्फ गंजत असे, आणि चांगलीच गंजत असे. इंग्लंडमध्यें उजव्या बाजूस स्टिअरिंग असलेली गाडी पाठविली तेव्हां ब्रेकची मूळ यंत्रणा डाव्याच बाजूस राहिली आणि पायाखालच्या पट्टीपासून तिथपर्यंत एक आडवा दांडा टाकला गेला. त्या गाड्यांचे ब्रेक बोथट म्हणून कुप्रसिद्ध झाले. अशी गाडी आज घाटांत घालणाऱ्याच्या धैर्याचें आम्हांस कौतुक वाटतें, बुद्धीचें नाहीं. वयानें कोणतीही वस्तु पूज्य होत नाहीं. नाहींतर १९९१ नंतरची तिसरी पिढीही एव्हाना पूज्य झाली असती. पहिल्या पिढीच्या अखेरीस इंजिन मोठें करून ११२ अश्वशक्ति मिळविली होती. तिसऱ्या पिढीच्या साध्या जीटीआयला, अंगानें कितीतरी फुगलेली असतांना, ११५ दिली. चौथ्या पिढींत तर समोरची तांबडी रेघही गेली, आणि कांहीं देशांत डिझेल इंजिनाच्या गाडीवरसुद्धां हीं तीन अक्षरें चिकटविण्यांत आलीं. नांवाला मोल आलें कीं नांवच विकावें, ही व्यापारी वृत्ति जुनी आहे.

परंतु याच इतिहासांत आमच्या प्रतिपक्षाचा आणि 'जुनें तें सोनें'वाल्यांचा एकदमच पराभव करणारी गोष्ट आहे, ती म्हणजे पांचवी पिढी. २००४ सालीं ती विक्रीस आली ती २०० अश्वशक्तीचें टर्बो इंजिन आणि मागच्या चाकांची स्वतंत्र जोडणी घेऊन. तांबडी रेघ परत आली, चौकड्यांचें कापड परत आलें. वजन वाढलेलेंच होतें. तरीही चालविणाऱ्यांनीं तिला मनापासून आपली म्हटलें, कारण ती बनविणाऱ्यांनीं प्रथम चालविणाऱ्याचा विचार केला होता. सहावी तिचीच सुधारून काढलेली आवृत्ति. सातव्या पिढींत तर वजन उलट कमी झालें. म्हणजे नवी पिढी सरस असूं शकते. पण ती आपोआप तशी होत नाहीं, कोणाला तरी तशी ती करावी लागते. २०१६ सालीं कंपनीनेंच केवळ ४०० गाड्यांची एक खास जीटीआय काढली आणि न्युर्बुर्गरिंगच्या अवघड वाटेवर पुढच्या चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा उच्चांक केला. त्यासाठीं तिनें काय केलें? मागचें आसन काढून टाकून वजन घटविलें, आणि गिअर हातानेंच टाकावयाचा ठेवला. कारखान्याच्या मनांत खरें काय आहे तें अशा वेळीं कळतें.

मात्र त्याच सातव्या पिढीच्या गाडींत दर्शनी कांचेच्या बुडाशीं एक यंत्र बसविलेलें आहे. त्याचें काम एकच: इंजिनाचा पुरुषी आवाज कृत्रिम रीतीनें आंत घुमविणें. आधीं आवाज अडविण्यासाठीं पदार्थांचे थर द्यावयाचे, आणि मग खोटा आवाज विकत द्यावयाचा! तंबोरा फोडून त्याच्या जागीं तंबोऱ्याचें चित्र टांगण्यासारखेंच हें नव्हे काय?

प्रतिपक्षाचा खरा बळकट मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला बगल देणें अप्रामाणिक होईल. १९७६ च्या गाडींत हवेच्या पिशव्या नव्हत्या, चाकें अडकूं न देणारे ब्रेक नव्हते, घसरतांना सांवरणारी यंत्रणा नव्हती. १९९७ पासून युरो एनकॅप या संस्थेनें गाड्या आपटून पाहून त्यांचे गुण जाहीर करण्यास आरंभ केल्यानंतर पत्रा, खांब आणि दारें मजबूत झालीं. वजन वाढलें तें कांहीं अंशीं त्यामुळेंच. अपघातांतून एक मूल वांचत असेल तर शंभर किलो अधिक वाहावे, त्याविरुद्ध आमचा एक शब्दही नाहीं. पण या पवित्र शंभराच्या आड दुसरे पांचशें लपवूं नयेत. १३ इंची चाकांच्या जागीं १८ आणि १९ इंची चाकें आलीं, आसनांत मोटारी आल्या, छपरांत कांच आली, अर्ध्या मीटरहून अधिक लांबी वाढली. यांनीं कोणाचा जीव वांचला? २०१७ सालीं जपानांत निघालेली सुझुकीची 'स्विफ्ट स्पोर्ट' पाहा. पहिल्या गोल्फहून थोडीशीच लांब, पिशव्या आणि सांवरणारी यंत्रणा यांसह वजन ९७० किलो, बळ १४० अश्वशक्तीचें, आणि हातानें टाकावयाचे सहा गिअर. जें अशक्य म्हणून सांगितलें जातें तें विकलें जात होतें.

शिवाय सुरक्षिततेचें नांव घेणाऱ्यांनीं आठव्या पिढीकडे नीट पाहावें. २०२० च्या या गाडींत बटणें काढून सारा कारभार कांचेच्या पडद्यावर नेला गेला. आवाज आणि गारवा कमीजास्त करण्याच्या पट्ट्या बोटानें घासावयाच्या, आणि त्यांस रात्रीं दिसावें म्हणून दिवासुद्धां दिलेला नव्हता! स्टिअरिंगवरही स्पर्शानें चालणाऱ्या जागा केल्या. वळण घेतांना तळहात लागला कीं नको तें सुरू होई. बटण हाताला न पाहतां सांपडतें; पडद्याकडे पाहावें लागतें, आणि तेवढा वेळ रस्त्याकडे पाहणारें कोणी नसतें. यांत प्रगति नव्हती, काटकसर होती. एका पडद्यापेक्षां वीस बटणें महाग पडतात. ग्राहक इतके करवादले कीं २०२४ च्या सुधारित गाडींत पट्ट्यांना दिवे आले आणि स्टिअरिंगवर खरीं बटणें परत बसविण्यांत आलीं. युरो एनकॅपनेंही २०२६ पासूनच्या आपल्या कसोट्यांत दिवे, पुसणी, भोंगा अशा मूलभूत गोष्टींसाठीं हाताला लागणारीं साधनें असण्यास वजन दिलें.

पण एका हातानें बटणें परत देतांना त्याच सुधारणेंत दुसऱ्या हातानें गिअरची दांडी आणि क्लच काढून घेतला. आतां जीटीआय केवळ स्वयंचलित मिळते. यंत्र माणसापेक्षां लवकर गिअर बदलतें, ही सबब पुढें केली जाते. बदलत असेल. सिंहगडावर मोटारीचा रस्ता जातो आणि मोटार माणसापेक्षां लवकर वर पोंचते, म्हणून रविवारीं पायवाटेनें चढणाऱ्यांची गर्दी ओसरली आहे काय? जो प्रवास केवळ पोंचण्यासाठीं करावयाचा त्यांत यंत्राचा वेग हा गुण आहे. गर्दींत, कामावर जातांना, गुडघा दुखत असतांना स्वयंचलित गाडीच बरी, आणि ती घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु ही गाडी जन्मली ती चालविणाऱ्यास कांहीं करावयास मिळावें म्हणून. त्याच्याजवळची ती एक दांडी काढून घेतली म्हणजे तो सारथी न राहतां पुढच्या आसनावरचा उतारू होतो. आणि ५३ लाख रुपये देऊन उतारू होणें ज्यांना परवडतें त्यांच्यासाठीं मूळ गाडी कधींच बनविलेली नव्हती.

यावर 'हें परक्यांचें दुखणें' असें कोणी म्हणेल, तर त्यानें पुण्याजवळ चाकण येथें पाहावें. तेथें २००९ सालीं सुरू झालेल्या याच कंपनीच्या कारखान्यांत 'पोलो' तयार होत असे. २०२० सालीं तिला जें एक लिटरचें टर्बो इंजिन मिळालें त्याचें बळ ११० अश्वशक्तीचें होतें, म्हणजे पहिल्या जीटीआयएवढेंच; सोबत हातानें टाकावयाचे सहा गिअर, आणि दुकानांतील किंमत दहा लाखांच्या आंत. मध्यम स्थितीच्या मराठी गृहस्थाला जवळजवळ तीच वस्तु, गंजाची भीति वजा करून, घराजवळ मिळत होती. २०२२ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. सुझुकीची वर सांगितलेली 'स्पोर्ट' तर, साध्या स्विफ्टचा या देशांत एवढा खप असूनही, येथें विक्रीस आणण्याचें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. कारखानदारांस दोष देणें सोपें आहे. ते मागणी पाहतात. आमच्या ओळखीच्या सुशिक्षित कुटुंबांत मोटार घ्यावयाची ठरली कीं पहिला प्रश्न पडदा किती इंचांचा, दुसरा छपराला कांच आहे कीं नाहीं, तिसरा गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षां उंच दिसते कीं नाहीं. विक्रेता दुकानाभोंवतीं सरळ रस्त्यावर एक फेरी मारून आणतो, थंड हवा लागते, गाणें लागतें, आणि सौदा होतो. पुढच्या खेपेस वाचकांपैकीं कोणी गाडी घेण्यास निघाले तर त्यांनीं विक्रेत्यास गाणें बंद करावयास सांगावें, आणि गाडी कात्रजच्या जुन्या घाटांत नेऊन दाखविण्याचा हट्ट धरावा.