खुंटीवरची बंदूक

खंडेनवमीला आमच्या खासगी बाजारातील घरी पाटावर जी शस्त्रे मांडली जातात त्यांत म्यान हरवलेली एक तलवार, एक कट्यार, पणजोबांच्या वेळचा म्हणून सांगितला जाणारा दांडपट्टा आणि बारा बोअरची एक दुनळी बंदूक असते. पहिल्या तिघांची चौकशी कोणी करीत नाही. चौथीला मात्र सरकारदरबारी क्रमांक आहे, परवाना आहे, आणि त्या परवान्यावर माझा एक जुना फोटो आहे, ज्यात माझे केस काळे आहेत. हळदकुंकू चारही जणांना सारखेच लागते.

ही बंदूक आजोबांनी घेतली, आप्पांनी जपली आणि १९८७ साली आप्पा गेल्यावर माझ्या नावावर झाली. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले, की हयातीतच ते वारसाच्या नावे करून देण्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा पुण्यात असतो. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बंदूक नको आहे. धाकट्या पुतण्याला मात्र ती हवी आहे. तो गेल्या दिवाळीपासून तीन वेळा येऊन गेला. ‘काका, घराण्याची चीज आहे, बाहेर कशाला घालवता?’ असे म्हणतो. प्रश्न वरवर घरगुती आहे. परंतु लष्करातील निदान दहा-बारा जुन्या मराठी घरांत तो आज ना उद्या येणार आहे, काहींत आलाही आहे, म्हणून चारचौघांत मांडतो.

प्रथम संरक्षणाविषयी. बंदूक घरात असली की चोर फिरकत नाही, असे आप्पा म्हणत. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या बोळात चोर शिरले. मी उठलो. बंदूक माडीवर खुंटीला, काडतुसे खालच्या लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली हिच्या कमरेला आणि माझा चष्मा कोठे होता ते देवाला ठाऊक. मुले लहान असल्यामुळे ही व्यवस्था मीच लावून दिली होती आणि ती योग्यच होती. मी काडतुसांचा डबा उघडेपर्यंत शेजारच्या वहिनींनी गॅलरीत येऊन पितळी परातीवर लाटणे बडवायला सुरुवात केली होती, आणि चोर पसार झाले होते. त्या परातीला परवाना लागत नाही. शहरातल्या घरात बंदूक सुरक्षित ठेवायची तर ती वेळेवर हाती येत नाही, आणि वेळेवर हाती यायची तर ती सुरक्षित राहत नाही. मधली वाट मला अडतीस वर्षांत सापडलेली नाही.

मग ती कशासाठी होती? खरे सांगायचे तर मानासाठी. आपले हे शहर वसलेच छावणीतून. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि त्या तळाचे नाव शहराला कायमचे चिकटले. अशा गावात शस्त्र ही घरंदाजपणाची खूण असणे साहजिक आहे. त्यात इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला. त्या शस्त्रबंदीची चीड आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला फार होती, आणि ती रास्त होती, कारण परका राज्यकर्ता ज्याच्या हातातले शस्त्र काढून घेतो त्याला तो माणूस म्हणून कमी लेखत असतो. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पुढे घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्र हा हक्क म्हणून बसला आहे. आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमात नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे तो ‘शांततेने व शस्त्रांशिवाय’. स्वराज्यात बंदूक हा हक्क राहिला नाही, ती परवानगी झाली. पुतण्याला ‘घराण्याची चीज’ म्हणताना हा फरक ध्यानात येत नाही. पण त्याला दोष कसा देऊ? मलाही तो कायद्याच्या पुस्तकातूनच समजला, घरातून नव्हे.

कामतांची दुरुस्ती पडली त्याच वर्षाच्या आरंभी एक पिस्तूल या शहरातून गेले होते. आपल्या घरांत या गोष्टीविषयी बोलत नाहीत. मी लहान असताना कोणी विषय काढला तर वडीलमंडळी पानदान पुढे सरकवीत. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरास आले आणि एक-दोन दिवसांत इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल घेऊन दिल्लीला परतले. ३० जानेवारीला काय झाले ते जगाला ठाऊक आहे. डॉ. दत्तात्रय परचुरे यांना खालच्या न्यायालयाने दोषी धरले आणि १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्या निकालाच्या पलीकडे मला जायचे नाही. मला खुपते ते एवढेच की त्या काळी या गावात पिस्तूल मिळविणे इतके सोपे होते. पुतण्या येथे मला बरोबर अडवतो. ‘काका, ते पिस्तूल कोणाच्या परवान्यावर होते? गुन्हे गावठी कट्ट्यांनी होतात. कायदा मोजतो ते आपल्यासारख्यांच्या बंदुका.’ त्याचे हे म्हणणे खोटे नाही. पण बंदुकीचा रुबाब परवानेवाल्यानेच गावाला शिकविला आणि कट्टेवाला तो उसना घेतो, असे मला वाटते.

चंबळेकडच्या माणसाची गोष्ट निराळी आहे, हे मी मान्य करतो. १९६० साली विनोबांपुढे, १९७२ साली जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे आणि १९८३ साली भिंडला फूलनदेवीने शस्त्रे खाली ठेवली, तोवर तेथला शेतकरी रात्री बंदूक उशाशी घेऊन निजत होता. आजही भिंड-मुरेन्याच्या कितीतरी तरुणांना बंदुकीचा परवाना म्हणजे पोटाची सोय. परवाना असेल तर एखाद्या बँकेच्या दाराशी पहारेकऱ्याची नोकरी मिळते. अशा माणसाच्या अर्जावर आणि बाजारपेठेत खांद्याला बंदूक अडकवून मिरविणाऱ्याच्या अर्जावर एकच शिक्का पडतो, हे मला अन्यायाचे वाटते. हौस इतकी की अधिकाऱ्यांनी तिचे गळ केले. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला परवाना लवकर देण्याची योजना निघाली. २०१९ साली आपल्या ग्वाल्हेरात परवान्यासाठी आधी दहा झाडे लावा असे फर्मान निघाले, पुढे त्याच वर्षी गोशाळेला कांबळी द्या असेही झाले. झाडे चांगली, कांबळीही चांगली. पण ज्याला बंदूक देणे योग्य नाही तो दहा झाडे लावल्याने योग्य कसा होतो, हे मला कोणी समजावून द्यावे.

आणि लग्नसराई! वरातीत हवेत बार काढण्याची रीत आपल्यात मूळची नव्हती, आता आपल्याही मांडवांत शिरली आहे. हवेत गेलेली गोळी परत खाली येते, एवढे साधे शास्त्र वऱ्हाड्यांना कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बारांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावर तीन बंदुकांऐवजी दोनच ठेवता येतात. तरी दोन हिवाळ्यांपूर्वी एका वरातीतला छर्रा आमच्या गॅलरीच्या लाकडी महिरपीत रुतला. पाच मिनिटांपूर्वी तेथे नात उभी होती, वरात पाहायला. खाली बार काढणारा गृहस्थ अनोळखी नव्हता, नमस्कार-चमत्कार होता. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि ‘भाईसाब, खुशी का मौका था’ म्हणाला. मी पेढे घेतले. याची मला आजही लाज वाटते.

हा प्रसंग मी पुतण्याला सांगितला. तो म्हणाला, ‘मी तसे करणार नाही.’ करणारही नाही, मुलगा भला आहे. पण हिने त्याला विचारले, ‘मग करणार काय तिचे?’ त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘असू दे ना काकू, घरात.’ हेच उत्तर आप्पांचे होते, हेच माझे होते. निवडणूक लागली की मी ती रिक्षातून ठाण्यात जमा करायला नेतो, पावती घेतो, निकालानंतर पुन्हा रांगेत उभा राहून घरी आणतो. रांगेत सगळे माझ्या वयाचे. गुडघेदुखीवरच्या तेलांची माहिती मला तेथेच मिळते. शेवटचा बार मी कधी काढला ते आठवत नाही.

तेव्हा ठरविले आहे. पुतण्याच्या नावे अर्ज करणार नाही. परवाना रद्द करून घ्यायचा आणि बंदूक रीतसर परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करायची. चौकशी केली. जुन्या दुनळीला फारशी किंमत येत नाही असे तो म्हणाला, आणि दस्त्यावरची चांदीची पट्टी मात्र काढून न्या, असेही म्हणाला. ती पट्टी पुतण्याला देणार आहे. तो रागावला आहे; दसऱ्याला सोने द्यायला येतो की नाही ते पाहायचे. काडतुसांचा डबा हिने कालच झाडून वर काढून ठेवला. सात निघाली, त्यांतली दोन हिरवी पडलेली.