गाण्यांच्या यादीतून कवी कुठे गेला?

मागच्या एप्रिलमध्ये जयंती होऊन आठवडा झाला नसेल, आमच्या वस्तीतील चार तरुण माझ्या कार्यालयात आले. मिरवणुकीत रात्री दहानंतर डीजे वाजविला म्हणून पोलिसांनी त्यांना नोटीस दिली होती. उत्तर तयार करण्यापूर्वी नेमके काय वाजत होते ते कळावे म्हणून मी पेनड्राईव्ह मागितला. त्यात त्रेसष्ट गाणी होती. 'कडक मिक्स', 'हार्ड बेस', 'जयंती स्पेशल', 'नाद खुळा', अशी त्यांची नावे. गाणी ऐकता ऐकता एका गाण्याशी मी थांबलो. विचारले, "हे गाणे कोणाचे?" पोरांनी एका सुरात डीजेवाल्याचे नाव सांगितले. गाणे वामनदादा कर्डकांचे होते!

पोरांना मी दोष देत नाही. ती पोरे शिकलेली आहेत, रक्तदान शिबिर भरवितात, अत्याचाराची घटना घडली की सर्वांत आधी धावून जातात. त्यांना वामनदादांचे नाव ठाऊक होते. पण हे शब्द त्यांचे आहेत हे सांगणारे त्या पेनड्राईव्हमध्ये काहीच नव्हते. तेव्हा प्रश्न पोरांचा नाही. प्रश्न आपण सर्वांनी गाणी जपण्याची जी पद्धत स्वीकारली आहे तिचा आहे. म्हणून आज या स्तंभात नेहमीच्या राजकारणाला बाजूला ठेवून मोबाईलमधील गाण्यांच्या यादीविषयी लिहितो आहे. हा विषय कोणाला किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही.

आमच्या पिढीला यादी करणे नवीन नाही. आमच्या लहानपणी गावात कॅसेट भरून देणारे दुकान असायचे. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. माझे वडील नगरपालिकेत कामाला होते. पगार झाला की महिन्याला एक कॅसेट, हा त्यांचा शिरस्ता. पण यादीतली भीमगीते दुकानदार वगळून टाकायचा. "ती आमच्याकडे नसतात, सहा डिसेंबरला दादरला गेलात की तिथून आणा," असे सांगायचा. वडील खरेच तसे करीत. चैत्यभूमीवरून परतताना त्यांच्या पिशवीत पुस्तके असत, बाबासाहेबांचे कॅलेंडर असे आणि चार-पाच कॅसेटी असत. प्रत्येक कॅसेटच्या पुठ्ठ्यावर ते निळ्या शाईने गाण्याचा क्रम, गायक आणि कवी लिहीत. कवीचे नाव कळले नाही तर ती जागा कोरी ठेवीत आणि पुढच्या वर्षी कोणाला तरी विचारून भरीत.

त्यांच्या यादीत फक्त भीमगीते नव्हती. एका बाजूला वामनदादा, दुसऱ्या बाजूला तलत आणि रफी. मध्येच प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी. कॉलेजात गेल्यावर, नवीन ज्ञान झालेला मी वडिलांशी भांडलो होतो. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात विठ्ठलाची गाणी कशी?" ते म्हणाले, "देव त्यांचा असेल, गळा आपला आहे." हे उत्तर मला तेव्हा पटले नाही, आजही पूर्ण पटत नाही. पण त्यातील सत्य नाकारता येत नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत पहाटे वाजणारा तो आवाज ज्या समाजातून आला, त्या समाजाच्या माणसाला त्याच देवळाच्या पायरीवर अडविले जात होते. प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये गेले. त्यांच्या भक्तिगीतांच्या प्रती घरोघरी निघाल्या. त्यांनी गायिलेल्या भीमगीतांना ते भाग्य लाभले काय?

आता यादी करायला दुकानदार लागत नाही. ॲप स्वतःच यादी करून देते. 'आनंदी', 'उदास', 'प्रेम', 'पार्टी', 'प्रवास', 'झोप' अशी मनाच्या अवस्थेची कप्पेबंदी करून गाणी हातात ठेवते. आपण काल काय ऐकले यावरून आज काय ऐकवायचे ते ठरविते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण मी विचारतो, आपले गाणे यातल्या कोणत्या कप्प्यात बसते? वामनदादांच्या गाण्यात दुःख आहे, पण ते एकट्याचे रडगाणे नाही. आनंद आहे, पण तो पार्टीचा नाही. जलशातले गाणे माणसाला झोपविण्यासाठी लिहिलेच नव्हते. ते जागे करण्यासाठी लिहिले होते. जागे होण्याचा कप्पा या यंत्राजवळ नाही. आणि आपण ऐकलेच नाही तर यंत्र ते पुढे सुचविणार नाही. दहा वर्षांनी आपल्याच मुलांना ते गाणे कधी ऐकायला येणार नाही आणि त्यावर कोणी बंदी घातली असेही म्हणता येणार नाही.

ही परंपरा लहान नाही. सत्यशोधक जलशांनी महात्मा फुल्यांचा विचार गावोगाव नेला. तोच धागा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. वृत्तपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा लढा पोहोचला तो या जलशांच्या डफावर. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेल्या वामनदादांना अक्षरओळख मोठेपणी झाली आणि त्यानंतर १५ मे २००४ रोजी डोळे मिटेपर्यंत त्यांनी हजारो गाणी लिहिली. शाहीर विठ्ठल उमप यांनी लोकगीत, भारूड, कव्वाली, गझल आणि भीमगीत हे सारे एकाच गळ्यातून गायिले आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळून त्यांचे निधन झाले. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्या दुःखाने १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या 'जयभीम कॉम्रेड' या चित्रपटाची सुरुवात तिथून झाली. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज तर मोबाईलनेच सर्वदूर नेला. म्हणजे यंत्र वैरी नाही. ते कोण वापरतो, कशासाठी वापरतो, यावर सारे अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, गाणी ऐकणे ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, त्यात चळवळीने नाक खुपसू नये. मला हे मान्य आहे. माणसाने काय ऐकावे याचे फर्मान काढणारे आपण कोण? परंतु ही खासगी बाब आपल्या माणसासाठी खासगी राहू दिली जाते काय? मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाची निर्घृण हत्या झाली. त्याच्या मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन हे भांडणाचे निमित्त होते, असे तेव्हाच्या बातम्यांनी सांगितले. दुसऱ्याच्या रिंगटोनवर कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या रिंगटोनवर जाते. ज्या देशात हे घडते तिथे आपल्या मोबाईलमध्ये कोणते गाणे आहे हा प्रश्न फक्त आवडीनिवडीचा राहत नाही.

म्हणून काय दिवसरात्र भीमगीतेच ऐकायची? मुळीच नाही. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. बौद्ध साहित्यात पंचशिख वीणा वाजवितो आणि तथागत त्याच्या तारेचा आणि गळ्याचा मेळ जमला म्हणून प्रशंसा करतात. सोण भिक्षूला समजावताना तथागतांनी दृष्टांत दिला तोही वीणेचाच. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. अष्टशील पाळणारा उपासक उपोसथाच्या दिवशी नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहतो. इतर दिवशी संगीत निषिद्ध आहे असे कोणी सांगितलेले नाही. मुक्त माणसाचा जगातल्या सगळ्या सुरांवर हक्क आहे. ज्यांना शतकानुशतके देवळाबाहेर आणि मैफिलीबाहेर ठेवले, त्यांनी कुमार गंधर्व ऐकावेत, बेगम अख्तर ऐकाव्यात. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या संघटनेवरून घेतले. मग त्यांचे संगीत का घेऊ नये? काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्याविरुद्धचे गाणे बिली हॉलिडेने १९३९ साली ध्वनिमुद्रित केले. बॉब मार्ले आहे. आपल्याच देशात पंजाबची गिन्नी माही आहे आणि चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत पा. रंजित यांच्या पुढाकाराने पहिला कार्यक्रम करणारा 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायकांचा जथा आहे. ही सारी आपली नातेवाईक गाणी आहेत. वामनदादांच्या शेजारी ती ठेवून पाहा, दोन्हींचा अर्थ अधिक उजळतो.

आता थोडे कायद्याचे. प्रतिमुद्राधिकार कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या रचनेचा कर्ता म्हणून नाव मिळण्याचा कवीचा हक्क, त्याने सगळे हक्क विकले तरी त्याच्याकडेच राहतो. रचनेची मोडतोड करून त्याची अप्रतिष्ठा झाली तर त्याविरुद्धही दाद मागता येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कर्तृत्वाचा दावा करण्याचा हक्क कवीच्या कायदेशीर वारसांनाही मिळाला आहे. पण याच कायद्याचे कलम ५२-अ ध्वनिमुद्रणावर काय छापणे बंधनकारक करते? मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, मालकाचे नाव-पत्ता आणि वर्ष. कवीचे नाव त्यात नाही! कंपनीचे नाव वाचते आणि कवीचे पुसले जाते, त्याचे एक कारण इथे आहे.

प्रतिमुद्राधिकार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या रचनांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादांच्या रचनांवरील २०६४ अखेरपर्यंत. यासाठी नोंदणीची सक्ती नाही. परंतु हक्क सिद्ध करायला पुरावा लागतो. वहीत लिहिलेले गाणे, तारीख, कार्यक्रमाची पत्रिका, कॅसेटचे वेष्टन हाच तो पुरावा. आमचे कितीतरी कवी वह्या ट्रंकेत ठेवून गेले आणि पावसाळ्यात त्या वह्यांचा लगदा झाला. न्यायालयात उभे राहायचे तर माझ्या हातात काय देणार?

आत्मपरीक्षणही करू या. डीजेच्या भिंतीपुढे गाण्याचा शब्दच ऐकू येत नसेल तर ते कोणाचे गाणे हा प्रश्न उरतोच कुठे? निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. इतरांच्या मिरवणुकीत हा नियम झोपतो आणि आपल्या वेळी जागा होतो, ही तक्रार खरी असू शकते आणि ती मी पोलिसांपुढे मांडतोच. पण वस्तीतल्या आजारी म्हाताऱ्याला आणि परीक्षेच्या पोराला हे सांगून काय उपयोग? शिवाय अलीकडच्या गाण्यांत बाबासाहेबांना अवतारी पुरुष करण्याची जी चढाओढ लागली आहे, ती त्यांच्याच विचाराच्या विरोधात जाते. अशा गाण्याला यादीतून काढणे हा अपमान नाही, ते विवेकाचे काम आहे.

मग करायचे काय? मोठा निधी नको, ठरावही नको. प्रत्येकाने आपल्या मोबाईलमधील दहा गाणी घ्यावीत आणि त्यांच्या नावात कवी, गायक व साल लिहावे. माहीत नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारावे. आपल्या आजीला, मावशीला माहीत असलेली बाबासाहेबांवरील ओवी किंवा पाळणा तिच्या संमतीने तिच्याच आवाजात मुद्रित करून तिचे नाव आणि गाव सुरुवातीला बोलून ठेवावे. बायांची गाणी कंपन्यांनी फारशी कॅसेटवर घेतली नाहीत. ती गेली की गेलीच. विहारात महिन्यातून एक रविवार या गाण्यांसाठी ठेवावा. जयंती मंडळांनी डीजेवाल्याला सुपारी देताना यादी आपण द्यावी आणि प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव पुकारण्याची अट घालावी.

त्या चार तरुणांच्या नोटिशीचे उत्तर मी दिले. फी म्हणून त्यांच्याकडून एकच काम मागितले. त्रेसष्ट गाण्यांचे कवी शोधून आणा. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा एकेचाळीस नावे सापडली होती. त्यासाठी त्यांनी दोन जुन्या गायकांच्या घरच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. त्यातल्या एकाकडे हस्तलिखित वही निघाली आणि तिची त्यांनी पानन् पान छायाचित्रे काढून आणली. उरलेली बावीस नावे आम्ही शोधतो आहोत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा वह्या, कॅसेटी असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच नम्र विनंती.

जयभीम!