घर पाहिलं की नाही, हे करारात लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई



मी अंजनगाव सुर्जीत दस्तलेखनाचं काम करतो. पूर्वी माझ्यापुढे येणारे कागद याच तालुक्यातले असत. शेताचं खरेदीखत, बक्षीसपत्र, भावाभावांचं वाटणीपत्र. आता लोक पुण्यातल्या फ्लॅटचा करारनामा मोबाईलवर घेऊन येतात आणि म्हणतात, जरा वाचून सांगा. मुलगा हिंजवडीला नाहीतर बंगळुरूला, आईवडील इथे, आणि पैसे वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे. मी आधी विचारतो, ‘घर पाह्यलं का?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘पाह्यलं ना, व्हिडिओ कॉलवर.’

करोनाच्या काळात याला जोर आला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, तेही डिसेंबरअखेरपर्यंतच. सवलत तर हवी आणि प्रवास तर अवघड, मग लोकांनी स्क्रीनवर पाहून बुकिंग केलं. साथ गेली, सवय राहिली. इथून पुणं म्हणजे ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर अंग आंबवणं. तिकडून फोन येतो की आजच टोकन दिलं तर पार्किंग फुकट. माणूस टोकन देऊन मोकळा होतो.

हाच माणूस संत्र्याच्या बागेचा सौदा करताना कसा वागतो, ते आपण एकदा येऊन पाहावं. झाडाझाडाखालून फिरल्याशिवाय, आंबिया बहाराची फळगळ किती ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणी भाव बोलत नाही. तो सौदा एका हंगामाचा. घर वीस वर्षांच्या हप्त्यांचं.

न पाहिलेल्या मुलखाचे कागद करण्यात आमचं गाव तसं जुनं आहे. ३० डिसेंबर १८०३ ला इथल्याच तहात दौलतराव शिंद्यांचा गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. फरक एवढाच, की काय जातंय आणि काय मिळतंय हे त्या वेळी दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं.

मोबाईलवर खोली दिसते, पण लेन्समुळे दहा फुटांची खोली दिवाणखान्याएवढी वाटते. गॅलरीसमोर उद्या कोणाची भिंत उठणार आहे, पावसाळ्यात रस्ता राहतो की नाही, उन्हाळ्यात नळाला पाणी येतं की टँकर बोलवावा लागतो, मागच्या नाल्याला वास किती, यातलं काहीच कळत नाही. कॅमेरा विकणाऱ्याच्या हातात असतो. तो जिकडे वळेल तिकडेच आपण पाहायचं.

कायदा नाही असं मी म्हणत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ जाहिरात किंवा नमुना-सदनिका पाहून फसलेल्याला व्याजासह पैसे परत मिळवून देतं. कलम १३ मुळे नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून आपण जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केला, त्याचा आमच्यासारख्या लांबच्या लोकांना खरंच उपयोग झाला. पण नोंदणी क्रमांक खरा निघाला म्हणून जागा मनासारखी निघेलच असं नाही.

आणि खरी मेख करारातच आहे. आपल्या नमुना करारात खरेदीदाराला मालकीहक्काची कागदपत्रं आणि नकाशे पाहायला दिल्याचा उल्लेख असतो. मी वाचलेल्या काही करारांत बिल्डरने त्यापुढे आपली एक ओळ घुसवलेली असते, की खरेदीदाराने जागा प्रत्यक्ष पाहिली असून त्याचं समाधान झालं आहे. अंजनगावच्या बाहेर पाऊल न टाकलेला माणूस त्याखाली सही करतो. उद्या तो कलम १२ खाली दाद मागायला आला, तर समोरचा वकील हीच ओळ त्याच्यापुढे धरेल.

न पाहता घर घेणं जगात नवं नाही. अमेरिकेत रेडफिन कंपनीच्या पाहणीनुसार २०२० मध्ये घर घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोकांनी कुठल्या ना कुठल्या घरासाठी ते प्रत्यक्ष न पाहता देकार दिला होता. पण तिथे देकार दिला म्हणजे व्यवहार संपला असं नसतं. सहसा खरेदीदाराचा स्वतंत्र तपासनीस घर पाहतो आणि देकारात तशी अट असेल तर त्याच्या अहवालावरून माघारही घेता येते. आपल्याकडे लांबच्या गिऱ्हाइकाचा जागेवर तपासनीस कोण? बहुतेक वेळा कोणीच नाही, किंवा एजंट, ज्याचं कमिशन सौद्यावर असतं.

म्हणून विनंती अशी. नमुना करारात खरेदीदाराने स्वतः भरायचा एक रकाना ठेवा. जागा पाहिली का, कधी पाहिली, की फक्त चित्रफितीवर पाहिली? चित्रफितीवर पाहिली असेल तर ती चित्रफीत, तारीख आणि ठिकाणासह, कराराला जोडलीच पाहिजे. जे दाखवलं तेच दिलं की नाही, हे मग दोघांनाही नाकारता येणार नाही. आपल्या वाटपपत्राच्या नमुन्यात पंधरा दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपात नाही. न पाहता घेणाऱ्यासाठी हे पंधरा दिवस त्याने जागेवर पाय ठेवल्यापासून मोजा. त्याने वर्षानुवर्षं येऊच नये असं नको, त्यासाठी कमाल मुदत घाला. हाच नियम लेआउटमधल्या प्लॉटनाही लावा. समृद्धी महामार्ग आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या प्लॉटांच्या जाहिराती आमच्या मोबाईलवर रोज येऊन पडतात.

जुन्या घरांची फेरविक्री आपल्या अखत्यारीत येत नाही. परदेशातल्या वारसांनी मुखत्यारपत्रावर विकलेल्या सुर्जीतल्या वाड्यांचं रडगाणं म्हणून इथे गात नाही. ते नोंदणी महानिरीक्षकांकडे न्यावं लागेल.

आपण ही दुरुस्ती करेपर्यंत माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांना मी एकच सांगतो आणि इथे वाचकांनाही सांगतो. ‘जागा प्रत्यक्ष पाहिली आहे’ ही ओळ तुमच्या बाबतीत खरी नसेल तर सही करण्याआधी ती खोडायला लावा. बिल्डर खोडत नसेल, तर टोकन परत मागा.

आपला नम्र,
अंजनगाव सुर्जी येथील एक दस्तलेखक