चेंडू मोजायचे कोणी?

मे महिन्यात एका रविवारी सकाळी न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या 12 वर्षांच्या मुलाचा उजवा कोपर आतल्या बाजूने दुखत होता. माझा हा भाचा बेसबॉलमध्ये पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. तिथल्या डॉक्टरांनी सहा आठवडे चेंडू हातात घ्यायचा नाही असे बजावले होते. बहिणीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "दादा, सहा आठवडे बसवलं तर टीममधली जागा जाईल म्हणतात कोच. काय करू?"

"बसव," एवढेच मी म्हणालो. पण असा प्रश्न एका समंजस आईला पडावा, हे मनातून जाईना.

अमेरिकेत मुलांचे बेसबॉल दोन तऱ्हांनी चालते. एक म्हणजे वस्तीतली लीग. तिचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे 1939 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट येथे सुरू झालेली 'लिटल लीग'. बहुतेक ठिकाणी पालकच प्रशिक्षक असतात, मैदान घराजवळ असते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळते. दुसरी तऱ्हा 'ट्रॅव्हल' संघांची. निवड चाचणी, भरभक्कम फी, पगारी प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारी दूरच्या गावी स्पर्धा. दोन दिवसांत चार-पाच सामने होतात आणि अनेक संघांचा हंगाम जवळजवळ वर्षभर चालतो. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार 2024 मध्ये अमेरिकी कुटुंबाने मुलाच्या एका मुख्य खेळावर सरासरी 1,016 डॉलर खर्च केले. 2019 च्या तुलनेत ही वाढ 46 टक्के आहे. ट्रॅव्हल संघातल्या मुलांच्या घरी हा आकडा सहज कितीतरी पुढे जातो.

या पालकांना वेडे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ज्या मुलाला खेळाची उपजत जाण आहे, त्याला वस्तीतल्या लीगमध्ये तोडीस तोड कोणी भेटत नाही. त्याला चांगला प्रशिक्षक हवा, अवघड प्रतिस्पर्धी हवेत. ते ट्रॅव्हल संघात मिळतात. माझा आक्षेप वेगळा आहे. तो डॉक्टर म्हणून आहे आणि हाडांच्या वाढीशी संबंधित आहे.

वाढत्या मुलाच्या हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा एक थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथून वाढते. वाढ पूर्ण होईपर्यंत हा थर शेजारच्या लिगामेंटपेक्षाही कच्चा असतो. जोरात चेंडू फेकताना कोपराची आतली बाजू प्रत्येक वेळी ताणली जाते. शरीर ही झीज विश्रांतीत भरून काढते. विश्रांती मिळण्याआधीच पुन्हा ताण आला, तर तो थर सुजतो, रुंदावतो, कधी हाडाचा तुकडा ओढला जाऊन सुटतो. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात 'लिटल लीग एल्बो' असेच नाव आहे. म्हणजे वस्तीतली लीगही मुळात निर्धोक नव्हती.

अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने 481 मुलांचा 10 वर्षे पाठपुरावा केला. वर्षात 100 पेक्षा जास्त डाव पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट आढळली. त्याच संस्थेच्या 2006 च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया करावी लागलेल्या मुलांमध्ये वर्षातले 8 महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणारे आणि हात थकल्यावरही फेकत राहणारे फार मोठ्या संख्येने होते. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या व्यावसायिक खेळाडूच्या कोपरात नवे लिगामेंट बसवले. तेव्हा ती मुरलेल्या खेळाडूसाठीची शेवटची आशा होती. आज हीच शस्त्रक्रिया शाळकरी वयाच्या मुलांवर होते.

लिटल लीगने 2007 पासून डावांऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 चेंडू. 66 किंवा अधिक टाकले, तर पुढचे 4 दिवस पिचिंग बंद. ट्रॅव्हल स्पर्धांचे आयोजक अनेक, त्यांचे नियमही अनेक. पण खरी फट आहे ती या दोन व्यवस्थांच्या मधोमध.

मी बहिणीला विचारले, "दुखायला लागलं त्या आठवड्यात किती चेंडू टाकले त्याने?" तिला सांगता आले नाही. मग शोधून बेरीज केली. बुधवारी वस्तीतल्या लीगमध्ये 70, शनिवारी ट्रॅव्हल संघाकडून 60, रविवारी आणखी 40. पाच दिवसांत 170, सरावाचे वेगळेच. लीगच्या नियमाने त्याने सोमवारपर्यंत थांबायला हवे होते. पण लीगला शनिवार ठाऊक नव्हता आणि ट्रॅव्हलच्या कोचला बुधवार. दोन्ही वह्यांत मुलगा नियमात बसत होता. कोणी लबाडी केली नव्हती. एकूण बेरीज करणे हे कोणाचेच काम नव्हते, इतकेच.

हे वाचून आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांनी निश्चिंत होऊ नये. शाळेचा संघ, क्लब, अकादमीचे नेट्स आणि सुट्टीतले शिबिर, या चारही ठिकाणी तोच मुलगा वेगवान गोलंदाजी करतो. त्याचे कोपर नाही, कंबर जाते. मणक्याच्या हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसतच नाही. आमच्या सरकारी रुग्णालयात अशी मुले येतात ती मालिश, मलम आणि वेदनाशामक गोळ्या करून, दोन-तीन महिने उशिरा. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने 2011 मध्ये 18 व्या वर्षी कसोटी पदार्पण केले. दुखापतींमुळे, त्यात पाठीचे दुखणे मोठे, दुसरी कसोटी खेळायला त्याला 2017 उजाडले. त्याच्या पाठीशी अख्खे क्रिकेट मंडळ होते. आपल्या मुलाच्या पाठीशी आपणच असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. 12-13 वर्षांपर्यंत वस्तीतले खेळणे पुरेसे आहे, आणि सोबत दुसरा एखादा खेळही हवा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही एकाच खेळाला वाहून घेणे 15-16 वर्षांपर्यंत लांबवा असे सांगते. पुढे वरच्या स्तरावर जायचेच असेल, तर एका वेळी एकच संघ. आठवड्यात किमान एक दिवस आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळाला सुट्टी. आठवड्यातले खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. गोळी देऊन मैदानात पाठवणे तर कधीच नको. आणि घरात एक वही ठेवा. सामना असो वा नेट्स, चेंडू त्यात लिहा. कोणत्याही कोचला ती दाखवायला संकोच करू नका.

बहिणीने भाच्याला बसवले. ट्रॅव्हल संघातली त्याची जागा खरोखरच गेली. दोन दिवस तो जेवला नाही, माझ्याशी बोलला नाही. कोपर आता दुखत नाही. वसंतात तो पुन्हा वस्तीतल्या लीगमध्ये उतरेल, आणि चेंडू मोजायला कुंपणाबाहेर त्याची आई वही घेऊन बसेल.