बोर्डावर ‘फक्त व्हॉट्सअॅप’ लिहू नका

मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी म्हटलं, सिमवरचा कॉलही आता इंटरनेटच्याच पद्धतीनं जातो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “मग सर, सगळं व्हॉट्सअॅप कॉलवर टाकलं तर काय बिघडलं?” बिघडतं. धंद्याचं तर नक्कीच.

जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच, फक्त ४जी. आणि ४जीमध्ये जुन्या पद्धतीचा कॉल, म्हणजे दोघं बोलत असेपर्यंत एक लाइन अडवून ठेवायची, ही सोयच नाही. आवाजाचे बारीक तुकडे करून ते डेटासारखेच पाठवायचे. हेच व्होल्टे. २०१७ मध्ये एअरटेलनंही ते आणलं. यामागे आयपी मल्टिमीडिया सबसिस्टीम, थोडक्यात आयएमएस, नावाची व्यवस्था असते. हमाली ती करत नाही, ती मुकादम आहे. कोण कोणाला फोन करतोय, समोरचा कुठे आहे, कोणाला वाट द्यायची, हे ती ठरवते.

आता आपल्या पिंपळनेरच्या कांदा मार्केटचं डोळ्यासमोर आणा. हंगामात गेटवर ट्रॅक्टरची रांग. तुमचा व्हॉट्सअॅप कॉल त्या रांगेत उभा आहे, आणि पुढे कोणाचे रील्स, कोणाची क्रिकेट मॅच. व्होल्टे कॉलला मात्र कंपनी बाजूचं गेट उघडून देते, टॉवरवर गर्दी असली तरी आवाजाच्या तुकड्यांना आधी सोडते. रोजचा दीड जीबी संपला की व्हॉट्सअॅप कॉल तुटक होतो. व्होल्टेची वाटच वेगळी असल्यानं तो मोबाइल डेटा बंद असला तरी चालतो. या सोयीचे पैसे तुम्ही रिचार्जमध्ये भरलेलेच आहेत!

दुसरी बाजू गिऱ्हाइकाची. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून बाजाराला येणाऱ्या कितीतरी माणसांच्या हातात अजून कीपॅडचा फोन आहे. तो २जीवरून लागला तरी नेटवर्क मध्येच त्याचा आवाज तुकड्यांत बदलून तुमच्या ४जी फोनपर्यंत आणतं. दोघांनाही काही करावं लागत नाही. बोर्डावर ‘ऑर्डर फक्त व्हॉट्सअॅपवर’ लिहिलं की या माणसाला तुम्ही दारातूनच परत पाठवलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही ठेवायला सांगितलं, ते अशाच लोकांसाठी. आणि खतं, बियाणं, भांडी, लग्नाचा बस्ता यांचा निर्णय घेणारी घरातली मोठी माणसं बरेचदा हीच असतात, हे मी गल्ल्यावर बसून रोज बघतो.

मग “भाऊ, तुमना फोन लागतच नही” असं का ऐकू येतं? आधी सेटिंग बघा. जिओ सोडून इतर कंपनीच्या सिमवर व्होल्टे बंद असेल तर कॉल आला की फोन २जीवर उतरतो, लागायला वेळ घेतो आणि बोलणं चालू असेपर्यंत नेट थांबतं. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून उभं, आणि तुमच्या मोबाइलवर पैसे आल्याचा मेसेज येईना! व्होल्टेवर दोन्ही सोबत चालतं.

स्लॅबचं दुकान, वर पत्रा, समोर लोखंडी शटर, आत टॉवर एकच कांडी दाखवतो, अशी आपल्याकडची बरीच दुकानं. तिथे वायफाय कॉलिंग चालू करा. फोन तुमच्या ब्रॉडबँडमधून एक बंद बोगदा करून थेट कंपनीच्या नेटवर्कला जातो. नंबर तोच, समोरच्याला कळतही नाही. एअरटेलनं हे डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं, जादा चार्ज न लावता. पण ब्रॉडबँडवर बाजूचं गेट मिळेलच असं नाही. दुकानातली पोरं त्याच वायफायवर सिनेमा उतरवत असतील तर कॉल अडखळणारच.

आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर लाइट गेली की वायफाय कॉलिंगही गेलं.

व्हॉट्सअॅप ठेवाच. मालाचे फोटो, रेट, बिल त्यावर छान जातं. बोर्डावर मात्र नंबर मोठ्या अक्षरात आणि खाली ‘कॉल किंवा व्हॉट्सअॅप’. कॉल आधी.