झाकली मूठ किती लाखांची?

मंडळी, एप्रिल महिना आला की आमच्या क्वीन्सटाउनात दोन विषय हमखास निघतात. एक उकाड्याचा आणि दुसरा इन्कमटॅक्सचा. उकाडा इथे बारमाही, त्यामुळे त्याच्यावर आपण सवयीने बोलतो. टॅक्सवर मात्र अगदी मनापासून! अठरा एप्रिलच्या आत इथले रिटर्न, आणि ज्यांचा पुण्या-ठाण्यात फ्लॅट भाड्याने दिलेला आहे त्यांचे जुलैच्या सुमारास पुन्हा एकदा तिकडचे. म्हणजे आपल्यासारख्यांची पै न् पै दोन-दोन सरकारांना ठाऊक असते.

मेई लिंग मार्केटमध्ये कोपी पिता पिता आमच्या एका स्नेह्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. म्हणाले, "आपला हिशेब सरकारला ठाऊक, मग सरकार चालवणाऱ्यांचा हिशेब आपल्याला का नको? पुढाऱ्यांची रिटर्न्स सरळ लोकांसाठी खुली का करत नाहीत?" दुसरे लगेच उत्तरले, "अहो, निवडणुकीच्या फॉर्मबरोबर सगळी मालमत्ता जाहीर करतातच की!"

बऱ्याच जणांचा असाच समज असतो, म्हणून आधी तो तपासू.

उमेदवारांना प्रतिज्ञापत्र द्यावे लागते हे खरे, पण ते काही पुढाऱ्यांनी आपण होऊन दिलेले दान नाही. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढली आणि ते कोर्टात गेले. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे खटले जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे. त्याबरोबर एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले आणि त्यांनी आधी वटहुकूम, मग कायदा करून निकालाला बगल दिली. न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी त्या कायद्यातले ते कलमच रद्द केले. तेव्हापासून जंगम-स्थावर मालमत्ता, कर्जे, सोनेनाणे, पती-पत्नी आणि अवलंबून असलेल्यांच्या नावावरचे सारे कागदावर येऊ लागले. २०१२ मध्ये त्यात शेवटच्या रिटर्नमधल्या उत्पन्नाचा आकडा आला आणि २०१९ पासून मागच्या पाच वर्षांचे आकडे द्यावे लागतात.

मग अडले कुठे? आम्ही पडलो इंजिनिअर, म्हणून हौदाचे उदाहरण घेतो. हौदात सकाळी किती पाणी होते आणि संध्याकाळी किती, एवढेच कुणी सांगितले तर दिवसभरात काय घडले ते कळत नाही. किती आले, कुठल्या नळाने आले आणि किती गेले, हेही मोजावे लागते. सुरुवातीचा साठा, अधिक आवक, वजा जावक, बरोबर शेवटचा साठा. प्रतिज्ञापत्र हे हौदाच्या पातळीचे मोजमाप आहे, तेही पाच वर्षांतून एकदा. आवक कोणत्या नळाने झाली ते रिटर्नमध्ये असते. प्रतिज्ञापत्रात त्यातला उत्पन्नाचा फक्त एकेक आकडा येतो. पगार किती, भाडे किती, धंद्यातला नफा किती, जमीन विकून किती आणि मुख्य म्हणजे कर किती भरला, ते काही कळत नाही.

आपल्याकडे तर एक नळ या आकड्यातही धरलेला नसतो. तो म्हणजे शेतीचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आणि रिटर्नमधल्या एकूण उत्पन्नात ते मिळवले जात नाही. खऱ्या शेतकऱ्याला ही सवलत असावी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिणारे आपले पुढारी किती, हे महाराष्ट्रातली प्रतिज्ञापत्रे चाळणाऱ्याला सांगायला नको. त्यांच्या एकरी किती क्विंटल निघतात, हे गावच्या माणसाला बरोबर समजेल. पण त्याला आकडा दिसला तर ना!

बरे, माहितीच्या अधिकारात मागावे, तर तिथेही दार बंद. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची मालमत्ता, त्याच्या मुलाच्या लग्नातले आहेर वगैरे माहिती गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी मागितली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रिटर्नमधला तपशील ही व्यक्तिगत माहिती आहे. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. पुढे माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी महाराष्ट्राचे अनेकदा उपमुख्यमंत्री राहिलेल्या अजित पवारांची रिटर्न्स मागितली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच निकालाच्या आधारे ती नाकारली. त्या रिटर्न्समध्ये काही वावगे होते, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच, की कारकुनाला आणि मंत्र्याला एकच माप लावले गेले.

आणि जनहित दाखवायचे तरी कसे? २०१७ साली आयकर मंडळाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की लोकसभेचे ७ खासदार आणि ९८ आमदार यांच्या मालमत्तेतली वाढ प्रथमदर्शनी तपासण्याजोगी दिसते. नावे मात्र बंद लिफाफ्यात! ज्यांनी मते दिली त्यांना नावे नाहीत. शिवाय जे प्रामाणिक होते, त्यांच्याकडेही उगाच संशयाने पाहिले गेले. झाकल्यामुळे भल्याचेही नुकसान होते, ते असे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आमच्या सौ. म्हणतात, "चोर काय रिटर्नमध्ये चोरी लिहून देणार आहे?" बरोबर आहे. पण लिहिलेले खोटे पकडता येते, न लिहिलेले नाही. आणि कधी कधी लिहिलेलेच पुरेसे बोलके असते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७० साठी आठशे डॉलरसुद्धा आयकर भरला नव्हता, हे १९७३ मध्ये बाहेर फुटले. त्यांना रिटर्न्स जाहीर करावी लागली आणि तपासणीत पावणेपाच लाख डॉलरांहून अधिक देणे निघाले. आपल्या शेजारच्या पाकिस्तानात पत्रकार उमर चीमा यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की जवळजवळ सत्तर टक्के लोकप्रतिनिधींनी रिटर्नच भरलेले नाही. त्यानंतर २०१४ मध्ये तिथल्या सरकारने लोकप्रतिनिधींनी भरलेल्या कराची यादीच छापली. पाकिस्तानला जमले ते आपल्याला जड का जावे?

"पण सिंगापूरमध्ये कुठे आहेत रिटर्न्स खुली?" असे कुणी विचारेल. नाहीतच. इथल्या आयकर कायद्यात गोपनीयता कडक आहे. मंत्री आपली मालमत्ता आणि उत्पन्न पंतप्रधानांना कळवतात, तेही गुप्तपणे. पगार मात्र उघड आहेत. २०१२ च्या सूत्रानुसार नव्या मंत्र्याला वर्षाला सुमारे अकरा लाख डॉलर. शिवाय १९५२ पासून लाचलुचपत खाते आहे, आणि १९९१ पासून घटनेतच अशी सोय आहे की पंतप्रधानांनी नकार दिला तरी राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ते खाते चौकशी चालू ठेवू शकते. माजी वाहतूकमंत्री ईश्वरन यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये बारा महिन्यांची शिक्षा झाली ती नाटक-फुटबॉलची तिकिटे, व्हिस्की, ब्रॉम्प्टन सायकल अशा भेटवस्तूंपायी. त्या कुठल्या रिटर्नमध्ये दिसल्या असत्या? तेव्हा रिटर्न उघडले की भ्रष्टाचार संपला, असे नाही. पण जिथे तपासणाऱ्यावर लोकांचा विश्वास आहे, तिथेच झाकलेले चालून जाते. जिथे तो नाही, तिथे लोकांनी स्वतः पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

खाजगीपणाचे काय? तोही सांभाळता येईल. संपूर्ण रिटर्न, बँकेचे खाते क्रमांक, कुणाच्या आजारपणाचा खर्च, यातले काही आम्हाला नको. पदावर असेपर्यंत दरवर्षी एकच पान पुरे: कोणत्या प्रकारचे उत्पन्न किती (शेतीसकट) आणि कर किती. आणि निवडणूक आली की ती पाच पाने प्रतिज्ञापत्राशी जुळवून पाहणारा कुणीतरी स्वतंत्र माणूस. हौदाचा हिशेब लागला तर त्या पुढाऱ्याची मान ताठ, नाही लागला तर त्याने खुलासा करावा. अशाने चांगली माणसे राजकारणात येणार नाहीत, असेही म्हणतात. अहो, वीस लाखांचे घरकर्ज द्यायचे तर बँक आपल्याकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. आपण ती निमूटपणे देतो, अपमान वाटून घेत नाही. राज्याची तिजोरी हातात घेणाऱ्याने एक पान दाखवायला काय हरकत आहे?

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील अजून तिकडे आहेत, जमीन-घर आहे, निळा पासपोर्ट आहे. तिथला रस्ता, दवाखाना, पाणीयोजना कुणाच्या सहीने होते किंवा अडते, याच्याशी आपले देणेघेणे संपलेले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या घरच्या अब्रूपुरती ठीक आहे. पैसा लोकांचा असला की मूठ वर्षातून एकदा तरी उघडलीच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मंडळी, तुम्हाला काय वाटते? विशेषतः ज्यांना आमचे म्हणणे पटले नसेल त्यांनी अवश्य लिहावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवायला संपादकांना सांगतो.