विश्लेषण : सुपरचार्ज्ड गाडीला मोठा हीट एक्स्चेंजर? आधी मोजा, मग पैसे मोजा!

सुपरचार्जर असलेली गाडी सकाळी एक असते आणि दुपारी दुसरीच. सकाळच्या गारव्यात जाणवणारी ताकद दुपारी दोन-तीनदा जोरात पळवल्यावर ओसरते कुठे, हा प्रश्न अशा गाड्यांच्या मालकांना हमखास पडतो. उत्तर शोधायला मोबाइल उघडला, की समोर येते ती बाहेरच्या कंपनीच्या मोठ्या, चकचकीत हीट एक्स्चेंजरची जाहिरात. हा भाग उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण केवळ आकार पाहून तो घेणे म्हणजे ताप का आला हे न तपासताच महागडे औषध आणणे होय. निवड कशी करावी, हे समजून घेऊ.

ही उष्णता येते कुठून?

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरणारा हवेचा पंप. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या बाजूला गरम होतो, तसेच इथे होते. फक्त प्रमाण प्रचंड असते.

अमेरिकेत २०१५च्या मॉडेल वर्षात आलेल्या डॉज चॅलेंजर हेलकॅटचे उदाहरण घ्या. ६.२ लिटरचे व्ही८ इंजिन, ७०७ अश्वशक्ती आणि सुपरचार्जरचा जास्तीत जास्त दाब वातावरणापेक्षा सुमारे ०.८ बार अधिक. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर दाबलेली हवा गणिताने १२० अंशांच्या आसपास जाते.

गरम हवा विरळ असते. ६० अंशांची हवा ४० अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत सुमारे सहा टक्के जास्त हवा मावते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गरम हवेमुळे पेट्रोल अवेळी पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि ताकद घटते. ट्यूनिंग बदलून किंवा लहान पुली बसवून दाब वाढवलेल्या गाडीत ही सुरक्षेची फट आणखी अरुंद झालेली असते. तिथे प्रश्न अश्वशक्तीचा उरत नाही, पिस्टनचा होतो.

हीट एक्स्चेंजर नेमके काय करतो?

हेलकॅट, कॅडिलॅक सीटीएस-व्हीची दुसरी पिढी, जॅग्वार एफ-टाइप आर अशा गाड्यांत दाबलेली हवा पाण्याने थंड केली जाते. सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी हवा इंटरकूलरमधून जाते आणि आपली उष्णता आतल्या कूलंटला देते. विजेवर चालणारा पंप हे कूलंट गाडीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या रेडिएटरकडे नेतो. हा रेडिएटर म्हणजेच हीट एक्स्चेंजर. तो उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो आणि कूलंट पुन्हा इंटरकूलरकडे वळते.

म्हणजे हा भाग थंडावा तयार करत नाही. तो फक्त उष्णता बाहेर टाकतो. बाहेर ४० अंश तापमान असेल, तर जगातला सर्वांत महाग हीट एक्स्चेंजरही कूलंट ४० अंशांच्या खाली नेऊ शकत नाही. जाहिरातीत हे वाक्य सहसा सापडत नाही.

मोठा म्हणजे चांगला, हे खरे नाही का?

अर्धेच खरे आहे. सातशे अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरात सेकंदाला साधारण अर्धा किलो हवा लागते. ती १२० वरून ६० अंशांवर आणायची, तर सुमारे ३० किलोवॅट उष्णता काढावी लागते. घरातले दीड टनाचे सहा एसी एकाच वेळी खोल्यांतून जेवढी उष्णता काढतात, साधारण तेवढी.

आता पंपाकडे पाहा. तो मिनिटाला २० लिटर कूलंट फिरवत असेल, तर ही उष्णता घेताना कूलंट एका फेरीत सुमारे २५ अंशांनी तापते. ४० लिटर फिरवले, तर १२-१३ अंशांनी. याचा अर्थ सरळ आहे. पंप अशक्त असेल, नळ्यांत हवा अडकली असेल किंवा नळी कुठे दुमडली असेल, तर पुढे केवढाही मोठा हीट एक्स्चेंजर लावा. उष्णता त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचतच नाही. उलट, अनेक फेऱ्यांच्या काही कोअरमध्ये कूलंटला जास्त अडथळा होतो आणि दमलेला पंप आणखी दमतो.

मग आधी काय करावे?

मोजावे. ओबीडी पोर्टला लावायचा स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. तीन आकडे नोंदवा : संथ वेगात इंजिनात जाणारी हवा बाहेरच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त आहे, एकदा पूर्ण जोर दिल्यावर ती किती चढते आणि पुन्हा खाली यायला किती वेळ लागतो. दिसणारे तापमान इंटरकूलरनंतरच्या सेन्सरचे आहे ना, हे आधी तपासा. काही गाड्यांत सुपरचार्जरच्या आधीही एक सेन्सर असतो. ही चाचणी डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवरच करावी, सार्वजनिक रस्त्यावर नाही.

संथ वेगातही तापमान उतरत नसेल, तर आधी संशय पंपावर, कूलंटच्या पातळीवर आणि अडकलेल्या हवेवर घ्या. पहिली धाव चांगली, दुसरी बरी आणि तिसरी वाईट असे होत असेल, तर मात्र हीट एक्स्चेंजर कमी पडतो आहे, असे म्हणायला जागा आहे.

निवडताना काय पाहायचे?

पहिले, समोरचे क्षेत्रफळ. वारा ज्यावर थेट आदळतो, तो पृष्ठभाग मोठा हवा. नुसती जाडी वाढवली, तर मागच्या थरांना आधीच तापलेली हवा मिळते आणि त्यामागे असलेल्या एसी कंडेन्सरचा व इंजिनच्या रेडिएटरचा वारा अडतो. हवा थंड, पण इंजिन गरम, असा सौदा कोणाला हवा?

दुसरे, वाऱ्याची वाट. कोअरच्या कडेने फटी राहिल्या, तर वारा सोपा मार्ग धरून बाजूने निघून जातो. त्या फटी नीट बंद करण्याचा खर्च किरकोळ असतो, फायदा मात्र नाही.

तिसरे, पाकळ्यांची दाटी. फार दाट पाकळ्या कागदावर छान दिसतात. धुळीच्या रस्त्यावर त्या लवकर चोंदतात.

चौथे, बसवणी. मूळ बोल्टवर बसणारा भाग घ्या. त्यासाठी बंपरमागची क्रॅश बीम कापावी लागत असेल, तर तो भाग कितीही चांगला असला तरी नको.

आणि विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा : ‘क्षमता इतके टक्के जास्त’ हा आकडा कोणत्या वाऱ्याच्या वेगाला, कूलंटच्या किती प्रवाहाला आणि तापमानातल्या किती फरकाला मोजला? अनेकदा हा आकडा फक्त कोअरच्या आकारमानाचा असतो. उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.

वापरानुसार उत्तर बदलते का?

नक्कीच. ड्रॅग शर्यतीत पाव मैलाचा खेळ दहा-बारा सेकंदांत संपतो. तिथे जास्तीची टाकी लावून कूलंटचा साठा वाढवला, तर साठाच उष्णता पोटात घेतो. ट्रॅकवर वीस मिनिटे गाडी पळवणाऱ्याला ती टाकी फक्त थोडा वेळ मिळवून देते. त्याला उष्णता सतत बाहेर टाकणारे मोठे क्षेत्रफळ आणि दमदार पंपच लागतो. वाहतूक कोंडीत तर वाराच नसतो, म्हणून पंख्याचे महत्त्व वाढते.

डॉजने २०१८च्या चॅलेंजर डेमनमध्ये काय केले, हे बोलके आहे. एसीचे शीतक केबिनऐवजी इंटरकूलरच्या कूलंटला थंड करायला वळवण्याची सोय कारखान्यातूनच दिली. धाव संपवून इंजिन बंद केल्यावरही पंप आणि पंखा चालू राहतील, अशी व्यवस्थाही केली. त्या अभियंत्यांनी उष्णतेचा विचार एका भागापुरता केला नाही, साखळीचा केला.

आपल्याकडे काय वेगळे?

एफ-टाइपसारख्या सुपरचार्ज्ड जॅग्वार आणि रेंज रोव्हर भारतातही विकल्या गेल्या आणि आता जुन्या बाजारात दिसतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा मुंबई-पुण्याच्या कोंडीत त्यांची परीक्षा अधिक कडक असते. इथे कूलंट गोठण्याची भीती नाही, म्हणून काही जण साधे नळाचे पाणी भरतात. पाणी उष्णता चांगली वाहते हे खरे. पण कठीण पाण्याने क्षार साचतात आणि अॅल्युमिनियम गंजते. गंजरोधक असलेले, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे. बाहेरचा भाग बसवल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे. दावा करायची वेळ आली, की न कळवलेला बदल अंगाशी येऊ शकतो.

शेवटी क्रम कोणता?

आधी साफसफाई आणि कूलंटमधली हवा काढणे. मग पंपाची तपासणी. मग वाऱ्याच्या फटी बंद करणे. आणि इतके करूनही आकडे चढेच राहिले, तर हीट एक्स्चेंजर. हा क्रम पाळणाऱ्याला कधी कधी कळते, की बिघाड एका थकलेल्या पंपाचा होता. विक्रेत्याला हे आवडणार नाही, पण इंजिन तुमचे आहे. मोठा भाग लावणे सोपे असते. योग्य भाग लावायचा, तर आधी मोजमाप हवे. भाग बसवल्यावरही तेच तीन आकडे पुन्हा घ्या. फरक पडला की नाही, हे जाहिरातीने नव्हे, तुमच्या वहीने ठरवू द्या.